नर्रईचे दगड

गढा हे आज जबलपूर शहराच्या एका भागाचे नाव आहे. मदनमहाल स्थानकावर उतरणाऱ्या प्रवाशाला ग्रॅनाइटच्या गोलसर शिळांनी भरलेल्या टेकड्या दिसतात, त्यांतल्या एकीवर गोंड राजांची म्हणून ओळखली जाणारी लहानशी वास्तू दिसते, आणि शहरात फिरू लागल्यावर राणीताल, चेरीताल, आधारताल ही तळ्यांवरून पडलेली नावे कानांवर येतात. राणीचे एक तळे, तिच्या दासीचे एक आणि तिच्या दिवाणाचे एक, असे लोक सांगतात. जबलपूरची भरभराट इंग्रजी अमदानीतली. गढा त्याहून कितीतरी जुना. संग्रामशाहाने बावन्न गढांवर सत्ता चालविली ती येथून, आणि अकबराच्या दरबारी इतिहासकाराने ज्या राज्याला ‘गढा-कटंगा’ म्हटले त्याच्या नावातला पहिला शब्द हाच.

या परिसराचा इतिहास वाचू लागले की वाचकाला पुन:पुन्हा रणभूमीवर यावे लागते. १५६४मध्ये मोगल आले, अठराव्या शतकात मराठे आले, १८१७मध्ये इंग्रज आले आणि १८५७मध्ये याच भूमीने पुन्हा रक्त पाहिले. प्रत्येक वेळी राज्यकर्ता बदलला आणि प्रत्येक वेळी काही माणसे मातीत मिळाली. त्यांच्यापैकी कोणाची आठवण राहिली, कोणाची पुसली गेली, आणि राहिली ती कोणत्या रूपाने, हा येथे विचारण्याचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर केवळ बखरींत आणि तवारिखांत सापडत नाही. रणभूमीवर स्वत: लढलेला माणूस जेव्हा रणभूमी पाहतो, तेव्हा त्याला जे दिसते तेही त्या उत्तराचा भाग आहे, आणि जबलपूर ही मोठी लष्करी छावणी असल्यामुळे असा माणूस येथे दुर्मीळ नाही.

आरंभ नर्रईपासून करावा लागतो. जबलपूरहून मंडल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बरेला गावाजवळ, गौर आणि नर्मदा या नद्यांच्या मधल्या डोंगराळ मुलखात ही जागा आहे. दलपतशाहाच्या मृत्यूनंतर अल्पवयीन वीरनारायणाच्या नावाने राणी दुर्गावतीने कारभार हाती घेतला. चंदेल कुळात जन्मलेल्या या स्त्रीने दिवाण आधार कायस्थाच्या साहाय्याने जवळजवळ दीड दशक राज्य सांभाळले. १५६४ साली कड्याचा सुभेदार असफखान चालून आला, तेव्हा सैन्यातील पुष्कळ लोक आपापल्या घरादारांच्या काळजीने पांगले होते. राणीने उरलेल्यांना घेऊन नर्रईच्या अरुंद खिंडीचा आश्रय केला. खिंडीच्या तोंडाशी हत्तींचा फौजदार अर्जुनदास कामास आला; तरीही पहिल्या दिवशी राणीचीच सरशी झाली आणि मोगलांना मागे हटावे लागले.

अबुल फजल येथे एक महत्त्वाची गोष्ट नोंदवितो. त्याच रात्री शत्रूवर छापा घालावा, असे राणीचे मत होते. सकाळ होऊ दिली तर असफखान स्वत: तोफा घेऊन खिंडीत शिरेल, हे तिला दिसत होते. सरदारांनी ते मानले नाही. सकाळी तिचे म्हणणे खरे ठरले. हत्तीवर बसून लढणाऱ्या राणीला एक बाण कानशिलाजवळ आणि दुसरा मानेत लागला. आपल्याला शत्रूच्या हाती पडू देऊ नकोस, असे तिने आधारला विनविले. त्याचा हात धजावला नाही, तेव्हा तिने स्वत:च्याच हाताने खंजीर चालविला. परंपरा हा दिवस २४ जून १५६४ असा मानते. जखमी वीरनारायण पुढे चौरागढावर लढताना पडला आणि तेथे जोहार झाला.

ही कथा शाळेच्या पुस्तकांतून सर्वांना परिचित आहे. पण नर्रईच्या जागेशी निगडित असलेली एक वहिवाट तितकी परिचित नाही. विल्यम हेन्री स्लीमन हा इंग्रज अधिकारी जबलपुरात दीर्घकाळ होता. १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्याने या समाधीचे वर्णन केले आहे. वाटेने जाणारा कोणीही अनोळखी माणूस भोवतालच्या टेकड्यांत सापडणारी एखादी सुंदर पांढरी गारगोटी निवडून समाधीवर वाहिल्याशिवाय पुढे जात नाही, असे त्याने लिहिले. समाधीशेजारच्या दोन शिळा म्हणजे राणीचे दगड झालेले नगारे होत, आणि एखाद्या निवांत रात्री जवळच्या गावांतील लोकांना ते वाजताना ऐकू येतात, ही लोकसमजूतही त्याने टिपून ठेवली.

स्लीमनने हे पाहिले तेव्हा नर्रईची लढाई होऊन पावणेतीनशे वर्षे उलटली होती. राणीचे राज्य नव्हते, तिचे वंशज राज्यहीन झाले होते, ज्यांनी तिला हरविले त्या मोगलांची सत्ताही नावापुरती उरली होती. समाधीच्या पूजेअर्चेसाठी कोणाचे इनाम असण्याची ही वेळ नव्हती. टिकून राहिली ती एक साधी रीत. तिला अक्षरओळख लागत नाही, जात लागत नाही, पैसा लागत नाही; वाकून एक दगड उचलावा लागतो, इतकेच. आपल्याकडच्या वीरगळांशी या रीतीचे नाते आहे. महाराष्ट्रातील गावोगावच्या वीरगळांवर खाली लढणारा वीर, वर त्याला नेणाऱ्या अप्सरा, त्याहून वर शिवपूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य कोरलेले असतात. पण बहुतेकांवर नाव नसते. मेलेला माणूस कोण होता हे गावाला ठाऊक असे, आणि गाव विसरले की दगडाला शेंदूर लागे. स्मृतीची ही जुनी पद्धत नावाचा आग्रह धरीत नव्हती. तिचा लाभ मात्र राणीला झाला तसा अर्जुनदासाला झाला नाही, किंवा तिच्या बाजूने लढलेल्या शम्सखान मियानालाही झाला नाही. त्यांची नावे उरली ती शत्रूच्या तवारिखेत.

मराठी वाचकाने यानंतरच्या दोन शतकांकडे पाहताना क्षणभर थांबावे. १७४२ साली बाळाजी बाजीराव पेशव्याची फौज मंडल्यावर आली आणि गोंड राजा महाराजशाह त्या लढाईत मारला गेला. राज्यावर चौथाई बसली. १७८१ साली सागरच्या मराठी सुभ्याने गढा-मंडल्याचे राज्यच बुडविले. शेवटचा राजा नरहरशाह खुरईच्या किल्ल्यात कैदेत पडला आणि तेथेच वारला. पुढे हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला. मराठी इतिहासग्रंथांत या घटना स्वारी, खंडणी आणि अंमल अशा शब्दांत येतात आणि चार ओळींत संपतात. गढ्याच्या बाजूने पाहिले तर त्याच चार ओळींत एका राजकुळाचा शेवट आहे. पानिपतावर पडलेल्यांसाठी ज्या भाषेला अजून हुंदका येतो, त्या भाषेने मंडल्याच्या पराभूतांविषयीही एखादे वाक्य लिहावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.

काळाने फासे उलटे टाकायला फार वेळ लावला नाही. नोव्हेंबर १८१७मध्ये नागपूरला सीताबर्डीची लढाई झाली आणि १९ डिसेंबर १८१७ रोजी जबलपुरात जनरल हार्डीमनच्या फौजेने भोसल्यांच्या सैन्याचा पराभव केला. त्या दिवशी जबलपुरात पडलेल्या भोसल्यांच्या शिपायांच्या वाट्याला नर्रईसारखी गारगोटीची रीत आली नाही. जिंकून आलेले म्हणून गोंडांना त्यांचा जिव्हाळा नव्हता आणि हरलेले म्हणून इंग्रजांना त्यांची दखल घेण्याचे कारण नव्हते. पराभूत विजेत्याला स्मारक उभारणारे कोणी उरत नाही.

१८५७ने या साखळीत आणखी एक कडी जोडली. गोंड राजकुळातील शंकरशाह आणि त्यांचे पुत्र रघुनाथशाह हे निवृत्तिवेतनावर गढ्याजवळच्या पुरव्यात राहत होते. त्यांच्याजवळ देवीची प्रार्थना करणारे, शत्रूचा संहार माग असे सांगणारे पद्य सापडले आणि १८ सप्टेंबर १८५७ रोजी पितापुत्रांना तोफेच्या तोंडी देण्यात आले. त्याच रात्री जबलपुरातील बंगाल नेटिव्ह इन्फंट्रीची ५२वी पलटण छावणी सोडून निघून गेली. राजाला आणि त्याच्या मुलाला आज जबलपुरात पुतळे आहेत, आणि नोव्हेंबर २०२४मध्ये त्यांच्या नावाचे संग्रहालयही उघडले. पलटणीतल्या शिपायांनी त्या रात्री आपले निवृत्तिवेतन, घरदार आणि मान पणाला लावली. त्यांच्या नावांची भिंत कोठे नाही. युद्धस्मृतीचा हा जुनाच नियम आहे: ती प्रथम राजाला उचलते, मग सेनापतीला, आणि शिपायापर्यंत पोहोचेपर्यंत तिचे हात थकलेले असतात.

शिपायाचे नाव दगडावर येण्याची पहिली ठळक उदाहरणे आपल्याकडे इंग्रजी अमदानीतली आहेत आणि त्यांतले सर्वांत गाजलेले महाराष्ट्रात आहे. भीमा नदीकाठी कोरेगाव येथे १ जानेवारी १८१८ रोजी पेशव्याच्या फौजेशी लढलेल्या मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीच्या पलटणीचा वारसा पुढे ग्रेनेडियर्स या रेजिमेंटकडे गेला. त्याच ग्रेनेडियर्सचे केंद्र आज जबलपुरात आहे. कोरेगावच्या स्तंभावर कंपनीच्या मृत सैनिकांची ४९ नावे आहेत आणि त्यांतली २२ ‘नाक’ या प्रत्ययाने संपतात, म्हणजे ती महार शिपायांची आहेत. कंपनी सरकारने स्तंभ उभारला तो स्वत:च्या विजयासाठी. पुढे इंग्रज सरकारने महारांना सैन्यभरतीची दारे बंद केली, तेव्हा निवृत्त महार सैनिकांना आणि त्यांच्या मुलांना त्या नावांत पुरावा सापडला. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे गेले. ते स्वत: एका सुभेदाराचे पुत्र होते. त्या दिवसापासून स्तंभाचा अर्थ उभारणाऱ्यांच्या हातून निसटला आणि ज्यांची नावे त्यावर होती त्यांच्या वंशजांकडे आला. दरवर्षी तेथे लोटणारी गर्दी लढाईचा नकाशा पाहायला जात नाही. दगडावर आपले नाव आहे, हे पाहायला जाते. पेशव्याच्या बाजूने त्याच दिवशी पडलेले अरब, गोसावी आणि मराठे मात्र त्या गावच्या मातीत अनामिकच राहिले.

दगडावरचे नाव इतके बोलके असेल, तर रणभूमीवर परत येणाऱ्या सैनिकाची जरूर काय, असे कोणी विचारील. जबलपुरात राहून या प्रश्नाचे उत्तर शोधणे सोपे जाते. ग्रेनेडियर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्स या दोन रेजिमेंटांची केंद्रे १९७०च्या दशकात येथे आली. सिग्नल्सचे प्रशिक्षण केंद्र त्याहून पुष्कळ जुने. त्यामुळे १९६५, १९७१ आणि १९९९ची युद्धे लढलेली माणसे येथे बाजारात भाजी घेताना भेटतात. अशा दोघातिघांबरोबर नर्रई पाहण्याचा योग मला आला आहे. आपल्यासारखा माणूस तेथे गेल्यावर प्रथम समाधीपाशी जातो आणि मग लेख वाचतो. ते समाधीला नमस्कार करून लगेच पाठ फिरवितात आणि जमीन पाहू लागतात. चढ किती आहे, खिंडीचे तोंड किती माणसे एकाच वेळी अडवू शकतील, हत्ती वळायला जागा आहे का, तोफ कोठवर ओढत आणता येईल, जखमींना कोठे नेले असेल, हे त्यांचे प्रश्न. सगळ्यांत अधिक वेळ ते नाल्याजवळ थांबतात. जूनच्या अखेरीस या भागात पाऊस सुरू होतो. पाठीमागचा नाला एकाएकी फुगला आणि राणीची माघारीची वाट बुडाली, असे परंपरा सांगते. पुस्तकात हा दैवाचा फेरा वाटतो. सैनिकाला त्यात लढाईपूर्वी विचारात घ्यायची एक गोष्ट दिसते.

रात्रीच्या छाप्याविषयीही त्यांचे मत ऐकण्यासारखे असते. इतिहासाचा अभ्यासक सरदारांना दोष देऊन मोकळा होतो. दिवसभर लढून आलेल्या, साथीदार गमावलेल्या, पोटात अन्न नसलेल्या माणसांना अंधारात पुन्हा उठवून न्यायचे म्हणजे काय, हे ज्याने अनुभवले आहे, तो राणीचा निर्णय बरोबर होता असे म्हणतो आणि सरदारांना दोषही देत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे लिखित इतिहासाला क्वचितच मांडता येते. स्वत:च्या लढाईविषयी मात्र ही माणसे फारसे बोलत नाहीत. नर्रईची खिंड दाखविताना त्यांच्या तोंडी एकदम एखाद्या दुसऱ्याच खिंडीचा, दुसऱ्याच टेकडीच्या क्रमांकाचा उल्लेख येतो आणि ते थांबतात. चारशे साठ वर्षांपूर्वीच्या रणभूमीवर ते आपल्या रणभूमीला भेटत असतात.

त्यांच्या त्या रणभूमी तीन प्रकारच्या आहेत, असे म्हणता येईल. पहिला प्रकार नाव असलेल्या थडग्याचा. चौथ्या ग्रेनेडियर्सचा कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद सप्टेंबर १९६५मध्ये पंजाबातील असल उत्तर येथे जीपवरच्या तोफेने पॅटन रणगाडे फोडताना मारला गेला. त्याला मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. त्याची कबर तेथेच, लढाईच्या जागी आहे आणि दर सप्टेंबरात तेथे लोक जमतात. जुना सहकारी तेथे जातो तेव्हा त्याला बसायला एक जागा असते. भोवतीच्या शेतांत पाणी सोडलेले होते आणि उभ्या पिकांत रणगाडे रुतले, हे तो बोटाने दाखवू शकतो, कारण शेते अजून शेतेच आहेत.

दुसरा प्रकार नावांच्या भिंतीचा. द्रासला कारगिलच्या युद्धात पडलेल्यांची नावे भिंतीवर कोरली आहेत आणि मागे तोलोलिंगचा डोंगर उभा आहे. अठराव्या ग्रेनेडियर्सनी आणि तेराव्या जम्मू-काश्मीर रायफल्सनी जी शिखरे चढून घेतली, त्यांची चढण आजही तितकीच उभी आहे. दरवर्षी २६ जुलैला तेथे येणारे सैनिक भिंतीवरचे एक नाव शोधतात आणि मग मान वर करून डोंगराकडे बघतात. त्या दोन नजरांच्या मधले अंतर कोणत्याही अहवालात मावत नाही.

तिसरा प्रकार आपल्या घरच्या माणसांच्या दृष्टीने सर्वांत दुरावलेला. दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेल्या मराठा पलटणींतील मृतांपैकी अनेकांचे त्यांच्या धर्माप्रमाणे दहन झाले. दहन झालेल्याला थडगे नसते. त्यांच्यासाठी इटलीतील सांग्रो, फोर्ली आणि रिमिनी येथील युद्धस्मशानांत दहनस्मारके उभारली गेली. ज्यांचे अवशेष हाती लागले नाहीत त्यांची नावे कासिनोच्या स्मारकावर गेली. माणगाव तालुक्यातील पळसगावचा नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात एकट्याने मशीनगनचे ठाणे घेऊन मारला गेला. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि नाव कासिनोला आहे. २०२३ साली माँतोने या गावी त्याच्या स्मरणार्थ छायाघड्याळ उभारण्यात आले. नामदेव जाधव ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर जखमींना पाठीवर घेऊन आला, त्यालाही तोच सन्मान मिळाला. तो जगला आणि १९८४ साली वारला. पण कोकणातल्या आणि घाटावरच्या खेड्यांतून इटलीला गेलेल्या सामान्य शिपायाचे आईवडील किंवा पत्नी त्या दहनस्मारकापर्यंत कोठून पोहोचणार? उलट इंग्लंडमधून येणारा नातेवाईक पुण्याला खडकीच्या युद्धस्मशानात उतरू शकतो. पश्चिम आणि मध्य भारतातल्या विखुरलेल्या कबरी एकत्र आणून तेथे सोळाशेहून अधिक थडगी नीट राखली आहेत. नावाच्या बाबतीत साम्राज्याने तेथे समता पाळली. प्रवासखर्चाच्या बाबतीत ती पाळणे त्याच्या हाती नव्हते.

थडगे, भिंत आणि दहनस्मारक यांच्या पंक्तीत नर्रईची गारगोटी ठेवून पाहिली की एक गोष्ट स्पष्ट होते. नाव कोरले जाणे हा शिपायाचा हक्क आहे. तो त्याला उशिरा मिळाला आणि तो सोडता कामा नये. कोरेगावने दाखविले की एक नाव शंभर वर्षांनी एका समाजाला उभे करू शकते. पण नाव कोरून झाले की पुष्कळदा राष्ट्र आपले कर्तव्य संपले असे समजते. गारगोटीच्या रीतीत कर्तव्य कधीच संपत नाही. पुढल्या वाटसरूला पुन्हा वाकावे लागते. आणि परत आलेला सैनिक या दोहोंच्या मधली उणीव भरून काढतो: दगडावर जे लिहिता येत नाही, ती जमीन तो वाचून दाखवितो.

हे वाचन फार काळ उपलब्ध राहणार नाही. कोरेगावचा शेवटचा शिपाई केव्हाच गेला. त्याने भीमेच्या पाण्यासाठी दिवसभर सोसलेली तहान आज आपण इंग्रज अधिकाऱ्यांच्या अहवालांतून ऐकतो. इटलीहून परतलेल्यांची पिढीही जवळजवळ संपली. १९६५चे सैनिक आता ऐंशीच्या घरात आणि पुढे आहेत. त्यांच्या शौर्यपदकांची प्रशस्तिपत्रे सुरक्षित आहेत. पण नाला कोठे होता, पहाटे धुके किती वेळ राहिले, कोणता मित्र कोणत्या झाडाखाली पाणी मागत होता, हे त्यांच्याबरोबर जाईल. विद्यापीठांच्या इतिहास विभागांनी आणि ग्रंथालयांनी त्यांना रणभूमीवर नेऊन, त्यांच्या स्वत:च्या भाषेत, जमिनीकडे बोट दाखवीत बोलू द्यावे. गढ्यासारख्या ठिकाणी तर हे काम दुहेरी आहे. येथे जिंकणाऱ्याला पुढच्या पिढीत हरावे लागले आहे आणि हरलेल्याचे वंशज पुन्हा उभे राहिले आहेत. म्हणून १५६४चा आणि १८५७चा इतिहास सांगताना मधला १७४२चा आणि १७८१चाही सांगावा लागेल, आणि तो मराठीत सांगावा लागेल.

नर्रईच्या वाटेने जाणाऱ्या मराठी माणसाला त्या टेकड्यांत अजूनही पांढरी गारगोटी सापडेल. ती राणीसाठी उचलताना खुरईच्या कैदेत मेलेल्या नरहरशाहासाठी, मंडल्यात पडलेल्या महाराजशाहासाठी आणि नाव न उरलेल्या दोन्ही बाजूंच्या शिपायांसाठीही एकेक उचलली, तर ओझे फारसे वाढणार नाही.